समुद्रकाठचा साबुदाणा

आमचं मूळ तंजावर, पण मी जन्मले, वाढले चेन्नईतच, आणि माझं मराठी ऐकून तुम्हांस हसू येतंय ना, हसा हसा, मुलगाही हसतो आणि तमिळमध्ये उत्तर देतो. इथल्याच समुद्रकाठच्या कोवलमच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधण्यात माझी सारी नोकरी गेली, हाताखाली सेल्वी, कोळ्याची पोर, आतां तीही आजी झाली. मी आतां मुलाकडे शोळिंगनल्लूरला असते, पण रविवारी बस धरून कोवलमला गेल्याशिवाय मजला चैन पडत नाही.

तर काय सांगू तुम्हांस, एका रविवारी किनाऱ्यावर बघते तर वाळूत पांढराशुभ्र साबुदाणा, पसापसा पसरलेला. म्हटलं कुणा मेल्याची गोणी फुटली, आणि जन्मभर पोरांना वाढलेली मी, अन्न पायाखाली कसं तुडवू, पदरात भरून घरी आणला. आपण नाही खायचा, पण जेवणाआधी कावळ्याला घास ठेवणं आमचेकडे रोजचं, त्याला चालेल. भिजत घातला, फुगेना. शिजवला, शिजेना, नुसता वर तरंगतोय. तसाच गच्चीत ठेवला तर कावळ्यानं एक दाणा चोचीत धरला आणि टाकून उडाला. आमचे हे गेल्यापासून कावळा कधी न खाता गेला नव्हता, आतां कशावर रुसलेत? मी हात जोडून माफी मागतेय आणि मागे सून पोट धरून हसतेय. अहो अम्मा, ते प्लास्टिक आहे, जहाजातून सांडतं, त्याच्याच बादल्या-खुर्च्या करतात. मग मीही इतकी हसले, इतकी हसले, की खालीच बसले.

पण सेल्वी आठवली आणि हसू गेलं. ती नेत्तिली वाळवते, बोटाएवढी मासळी, ती वाळूवरच, कारण चादरीवर मासळीला पाणी सुटतं, वाळू ते पिऊन टाकते. हे दाणे मासळीला चिकटायला लागले, गिऱ्हाईक बघून परत जायला लागलं. तिची मुलगी म्हणाली अम्मा सोड हे, पेरुंगुडीला ऑफिसात झाडलोट कर. अक्का, वाळू सोडून मी जगू कशी, असं म्हणून सेल्वी रडली हो माझ्यापुढे.

तिथं रविवारी कंपनीतली मुलं साफसफाईला येतात, आपली मराठीच, पुण्याकडची. हातमोजे घालून एकेक दाणा टिपत बसलेली. म्हटलं बाळांनो, जन्म जाईल. बादलीत समुद्राचं पाणी घ्या, त्यात वाळू घाला, ढवळा, वाळू तळाशी बसते, दाणे वर येतात, चहाच्या गाळणीनं काढा. आणि साऱ्या समुद्राच्या मागे लागू नका, सेल्वीच्या वाळवणाएवढी जागा करा. चार रविवार लागले, पोरं गाणी म्हणतायत, सेल्वी तमिळमध्ये ओरडतेय, त्यांना कळत काही नाही, पण सगळे खूश.

मागच्या रविवारी सेल्वीनं तिथं मासळी पसरली. दुपारी गिऱ्हाईक आलं, मूठभर उचलून उलटीपालटी करून बघितली आणि सगळी टोपली घेऊन गेलं. मी मासळी खात नाही, वास आला की पदर नाकाला, पण सेल्वीनं त्याच हातांनी मिठी मारली तेव्हां मीच तिला सोडेना.

भरतीला दाणे परत येणार, माहीत आहे मजला. येऊ देत, आम्हीही येऊ. देव त्या पोरांना सुखात ठेवो आणि तुम्हांसही. चला, माझी बस आली.