नेट एकच, खाणारी तोंडं चार

…नाही नाही, मॉडेमला शिव्या देऊ नका हो, त्या बिचाऱ्याचा काय दोष? तुम्हाला सांगते, इथे नेदरलँड्समध्ये, आल्मेरेत आमच्या शेजारी नीरजा राहते, तिच्या घरात नेट एकच आणि खाणारी तोंडं चार! घर कसं, तर इथली असतात तसंच, अरुंद, उंच, नुसते जिने! मॉडेम कुठे? तळाला, दाराशी, मीटरच्या कपाटात. माणसं कुठे? सगळी वर! मधल्या मजल्यावर सासरे दामोदरराव कीर्तन लावून बसलेत, बाजूच्या खोलीत मुलगा रुचिर कुठल्या कुठल्या डच पोरांबरोबर गोळीबार करतोय, तिसऱ्या खोलीत नवरा यतीन घरून ऑफिस करतोय, आणि नीरजा? माळ्यावर. उतरत्या छपराला डोकं आपटत.

आता हा यतीन कोण? आइंडहोवनला चिप बनवायच्या मशीनवरचा इंजिनियर! केसाहून बारीक रेघा मारणारी मशीन्स हो… आणि घरचं नेट दोन जिने चढवता येईना! "नीरजा, काँक्रीटचा प्रॉब्लेम आहे, सिग्नल स्लॅबमध्ये ॲब्सॉर्ब होतो." झालं! मजल्यामजल्यावर रिपीटर. तरी नाही? मग जिन्यातून केबल. तिच्यात पाय अडकून सासरे गडगडता गडगडता वाचले, केबल गुंडाळली. मग टाइमटेबल! "बाबा, तुमचं कीर्तन जेवणानंतर." "अरे, बुवा आत्ता रंगात आलेत, आणि हे मध्येच गोल गोल काय फिरतंय?" रुचिरला सांगावं तर, "आई, वाख्त एवन, लास्ट मॅच!" थांब म्हणे जरा! आईनेच थांबायचं, नेहमी! नेट एकच ना, आणि खाणारी तोंडं चार!

आणि हे सगळं कधी, तर नीरजाचा इंटरव्ह्यू तोंडावर आलेला! पुण्यात अख्खी टीम सांभाळणारी बाई, नवऱ्यामागून इथे आली आणि झाली 'यतीनची मिसेस'! डच शिकली, अर्ज करकरून थकली, आणि इतक्या वर्षांत हे एक, एकच बोलावणं आलं. तेही व्हिडिओवर. मला म्हणाली, "हे गेलं ना, तर मी परत अर्ज करणार नाही."

त्या दिवशी यतीनने घरात कर्फ्यू लावला. सगळ्यांचं नेट बंद! नीरजा माळ्यावर, वर ब्लेझर, खाली पायजमा. पडद्यावरच्या बाईने गोड हसून विचारलं, "स्वतःबद्दल सांगा," हिने तोंड उघडलं… आणि पडद्यावरचं चित्र तिथेच थिजलं! लॅपटॉप उचलून एक जिना उतरली, "हॅलो, आता ऐकू येतंय?" नाही! मधल्या मजल्यावर सासरे, "झालं का गं? लावू कीर्तन?" ही पळत खाली, बुटांच्या ढिगात बसली, मीटरचं कपाट उघडलं, आणि आत काय?

डबे! स्टीलचे! भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोह्यांचा तो भला उंच डबा… मॉडेमभोवती चारी बाजूंनी रचलेले, वर परात! ठेवले कोणी? नीरजानेच! स्वयंपाकघरात जागा नाही, इथे कोरडं, कीड लागत नाही! चौघंही रोज त्यातलं खातात, यतीन तर भाजणी स्वतः काढून आणतो, आणि आत्ता कपाळावर हात मारून म्हणतो, "अगं, स्टीलमधून सिग्नल जाईलच कसा!" आत्ता? आत्ता सुचलं तुला?

तिने धडाधड डबे बाहेर काढले, सिग्नल फुल्ल! पण पडद्यावर बाई कुठे होती? संध्याकाळी मेल आला. तुम्ही आवडलात, पण काम पूर्णपणे घरूनच आहे, आणि तुमच्या नेटचा भरवसा वाटत नाही.

आता त्या घरात नेट असं धावतं म्हणून सांगू! बुवा अडखळत नाहीत, रुचिरची मॅच अडत नाही, यतीनच्या मीटिंगा एकामागून एक. नेट एकच, पण आता खाणारी तोंडं तीनच ना… चौथी डबे ठेवायला जागा शोधतेय.