जुनाच नंबर हवाय

—नाही, तुमच्या इंटरनेटच्या डब्याबद्दल माझी काही तक्रारच नाही. डबा सुंदर आहे. हिरवे दिवे, निळे दिवे, पाणी प्यायला उठलं की विमानतळावर उतरल्यासारखं वाटतं. तक्रार फोनची आहे. तुमच्या आधी जे गृहस्थ आले होते त्यांनी डबा भिंतीला ठोकला, जुनी तार कापली आणि जाता जाता म्हणाले, घरचा फोनही यातूनच चालतो. चालतो म्हणाले — तो कुणीतरी जोडावा लागतो, एवढं सांगायचं राहिलं. फोनची वायर आपली भिंतीतल्या जुन्या भोकात तशीच. बसा ना, खुर्ची घ्या. ती नको, ती सासूबाईंची. त्या आत आडव्या झाल्यात. झोपलेल्या नाहीत हं, ऐकतायत सगळं — नजर गेली म्हणून कान गेलेत असं समजू नका.

हो, दिसत नाही. म्हणजे कडेकडेचं दिसतं, मधलं गेलंय. माझ्याकडे बघायचं तर माझ्या कानाकडे बघून बोलतात. अशा बाईसाठी त्यांच्या चिरंजीवांनी हे फायबर घेतलं — कशाला? तर आईला व्हिडिओवर भेटता यावं म्हणून. परगावी बसल्या बसल्या मोबाइलवरून बुकिंग. लाइन त्याच्या नावावर, मग विचारायचं कुणाला? आंधळ्यापुढे आरसा धरायचा, तोही इतक्या वेगाचा — मुलगा असावा तर असा.

मोबाइल? दिला की. हे सुचवणारे तुम्ही पहिले नाही, लाइन लागलीय तुमच्यापुढे. अहो, काच ती, बोटाला काय कळणार? पहिल्याच दिवशी त्यांनी बहिणीला फोन लावला तो पोलिसांना लागला. पोलीस सभ्य निघाले, बहिणीची चौकशी केली. तेव्हापासून तो मोबाइल बिस्किटांच्या डब्यात आहे, सुखी आहे. या जुन्या फोनचं कसं — पाचच्या बटणावर टिंब आहे. तिथे बोट टेकलं की झालं, वर, खाली, बाजूला, माझ्यापेक्षा भराभर लावतात.

आणि लावतात कुणाला? मला. मी दातांच्या दवाखान्यात फोनवर बसते. समोर माणूस गाल धरून उभा, आणि फोनवर ह्या — अगं, मागची खिडकी लावली होतीस का? अगं, आज वार कोणता? मी म्हणायची, आई, हा दवाखान्याचा फोन आहे, ठेवा. बरं म्हणून ठेवायच्या आणि तासाभरानं पुन्हा खिडकी. तर तुमचा डबा बसला आणि फोन यायचे बंद झाले. एकदम बंद. मी काय केलं असेल? चौकशी केली असेल? छे. म्हटलं, सुधारल्या एकदाच्या. चार दिवस चहा गरम प्याले मी. घरीही त्या काही बोलल्या नाहीत — त्यांना वाटलं मीच रागावून फोन बंद करून ठेवलाय.

मग गुरुवारी घरी आले तर ह्या इथे, जमिनीवर. इथे हो, तुमचा पाना पडलाय ना, तिथेच. भिंतीला पाठ टेकून, फोन मांडीवर, रिसीव्हर हातात. दुपारी न्हाणीघरात पाय सरकला होता. बसून सरकत सरकत इथवर आल्या, वायर ओढून फोन खाली पाडला — कोपऱ्याला चिकटपट्टी दिसतेय ना, ती त्याची. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ‘तुझा नंबर लागत नव्हता गं. म्हटलं, दवाखान्यात गर्दी असेल.’

गर्दी. दोन पेशंट होते त्या दुपारी. मी मासिक चाळत बसले होते.

असो. हाड मोडलं नाही, मुका मार आहे. तुमच्या कंपनीत फोन केला. बाई इतक्या गोड की मलाच दातांची काळजी वाटली. म्हणाल्या, जुना नंबर चालू करायचा तर ज्यांच्या नावावर लाइन आहे त्यांनी सांगायला हवं, नाहीतर नवीन नंबर घ्या, लगेच मिळेल. आता आईंच्या बहिणीची नजर आईंपेक्षा अधू, तिच्या बोटांना हाच एक नंबर पाठ. तिला कोण शिकवणार नवा? मग लावला त्या चिरंजीवाला फोन. किती वर्षांनी, ते जाऊ द्या. तर म्हणतो, कशाला एवढी खटपट, आईची इकडे एका संस्थेत सोय करतो, चांगली जागा आहे, बाग आहे. बाग! आणि मग म्हणतो, ‘तू अजून तिथेच आहेस?’

मी काही बोलायच्या आत आईंनी हात पुढे केला. मोबाइल उलटाच धरला कानाला, मी सुलटा करून दिला. म्हणाल्या, ‘नंबर जुनाच राहील आणि तो तिच्या नावावर कर. बाग तुला लखलाभ.’ आणि मला विचारतात, हा ठेवायचा कुठे? मोबाइलला ठेवायला जागा नसते ना. मी लाल बटण दाबलं. फार बरं वाटलं हो ते दाबून.

तर वायर लांब टाका. फोन त्या बुटक्या स्टुलावर ठेवायचाय, जमिनीवरूनही हात पोचला पाहिजे. आणि लाइट गेली की? — बघा, डबा मेला की फोनही मेला. मग ती बॅटरी बसवा, आणलीय ना? आणलीय. तुम्ही फार वर जाणार कंपनीत.

हं, विचारा, भरा तुमच्या त्या यंत्रातला नावबदलाचा फॉर्म. नाव सांगितलंच. जुन्या ग्राहकाशी नातं? पत्नी — नको, थांबा, पत्नी नाही आता, कोर्टात झालं ते रीतसर. सून लिहा. हो, बरोबर आहे, ग्राहक तो, मी त्याची सून कशी होईन? तुमच्याकडे काय काय आहे? भाऊ, बहीण, भाडेकरू… भाडेकरू नाही, मी खोली शोधतेय. सगळ्यांना तसंच सांगितलंय. पाच वर्षं शोधतेय. मनासारख्या मिळत नाहीत हो — एकीत ऊन येत नाही, एकीत फार येतं. ‘इतर’ आहे ना? मग ‘इतर’ लिहा, संपवा.

—काय, आई?

ऐकलंत? विचारतायत, घरात इतर कोण आलंय.

कुणी नाही, आई. कुणी नाही आलेलं.

खोडा ते. बहीण लिहा. त्याचीच, हो. हसताय काय, तुमच्या यंत्राला काय कळतंय? लिहिलंत? मग उचला ती पेटी आणि निघा. दार नुसतं लोटा, कडी मी लावते.