धुण्याच्या पाण्याची प्लेट

जंतू म्हटलं की तुम्ही नाक मुरडता, पण एका जंतूसाठी मी देवाला हात जोडले आहेत.

परदेशी माल बाजारात नुकता येऊ लागला होता, तेव्हा मी हैदराबादेत एका प्रयोगशाळेत काचसामान धूत होतो. आमच्या सुधाबाईंना ज्वारीच्या मुळाच्या आत राहणारा नवा जंतू सापडला होता. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना पटेना. "बाहरकी मिट्टीका होंगा, बाई," म्हणायचे.

मग बाईंनी मूळ औषधाने धुतलं आणि धुण्याचं शेवटचं पाणी जंतू वाढवायच्या झाकणाच्या एका काचेच्या प्लेटमध्ये ठेवलं. त्यात काही उगवलं, तर मूळ बाहेरून स्वच्छ झालंच नाही आणि बाईंची सगळी मेहनत वाया. काहीच उगवलं नाही, तरच जंतूचा नमुना तपासायला परदेशी जाणार होता.

ठरल्या दिवशी साहेबांनी ती प्लेट उचलून उजेडात धरली. "ये देखो, सफेद ठिपका! नमुना परदेस नक्को भेजो."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. माझे हात आपोआप जुळले.

बाईंनी प्लेट घेतली, तिरकी करून पाहिली आणि झाकणावरून हळूच बोट फिरवलं. ठिपका पुसला गेला. पान खाताना चुना बोटाच्या टोकावर ठेवून चाटायची साहेबांची सवय होती.

"साहेब, हा तुमचा चुना."

साहेबांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. कोणी हसेना.

नमुना गेला. जंतू नवाच आहे, असं तिकडून कळलं. साहेब खूश होऊन म्हणाले, "बाई, नाम क्या रखना?"

बाई म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा साहेब. फक्त प्लेट मला धरू द्या."