जामकाठच्या खदानीची जागा

सभेचे अध्यक्ष माननीय नत्थूजी, मंचावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती ओव्हरसियर गजाननराव खानझोडेसाहेब, सौभाग्यवती सरलावहिनी, आणि नदी ओलांडून मुद्दाम आलेल्या सावरगावच्या माताभगिनी, सर्वांना या भगवंतरावाचा नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मला ओळखणारे मागं हसले, तेही मी ऐकलं.

येत्या एक तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आपण पांढुर्णा-सौंसरवाले मध्य प्रदेशात राहणार. साहेबांची नेमणूक नागपूरकडे झाली. म्हणजे उद्या संत्री विकायला नागपूरला गेलो, तर परराज्यात जाऊन आलो असं म्हणायचं का? असो. साहेब चार वर्षं आपल्यात राहिले. सौंसरकडचा रस्ता त्यांनी असा केला की आता भर पावसाळ्यातही मोटर येते. त्याचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. त्यांना ठाऊक नसलेलं एक मी सांगणार आहे.

रस्त्याला बजरी लागते आणि ती नदीकाठी मिळते. साहेब तेव्हा नवे होते. पौषाचे दिवस, जाम नदी वाहती. खदानीचा नकाशा घेऊन ते माझ्या बगीच्यात आले. जागा ठरवण्याआधी काठच्या जुन्या माणसाला विचारायचं, अशी त्यांच्या कामाची रीत. उत्तम बजरी माझ्याच संत्र्याच्या झाडांखाली होती, हे मला पक्कं माहीत होतं. साहेबांनी विचारलं, "भगवंतराव, समोरच्या काठाला काही अडचण?" मी बोट दाखवलं आणि म्हणालो, "खोदा ना साहेब, तिथं काहीच नाही."

तिथं काय होतं? सावरगावचे झिरे होते. चैत्र सरता नदी आटली की बाया तिथली बजरी हातानं उकरतात आणि खाली गोड पाणी लागतं. आखाजीच्या सणाला त्या पाण्याचा पहिला पितळी गुंड भरून देवापुढे ठेवतात. पौषात मात्र त्या जागी काही खूण दिसत नाही. परक्या माणसाला कळणार कसं? मला कळत होतं. माझी आई सावरगावची, लहानपणी तिनं तिथलंच पाणी भरलं होतं.

आखाजी आली. या समोर बसलेल्या सावरगावच्या मनकर्णाबाई चाळीस बाया घेऊन काठावर आल्या, तर झिऱ्यांच्या जागी पुरुषभर खोल खदान आणि तळाशी गढूळ थारोळं. त्यांनी रिकामा गुंड साहेबांच्या पायापाशी आपटला. "साहेब, तुमी रस्ता करून राह्यले का आमाले मारून राह्यले? लेकरायले काय पाजू आता?"

मी तिथंच छत्री धरून उभा होतो. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. पण ते म्हणाले, "जागा मी ठरवली. चूक माझी आहे."

मंडळी, माझं तोंड उघडलं नाही. लाज वाटते सांगायला.

साहेबांनी त्याच दिवशी काम थांबवलं. मजुरांचा मेट कवडू, त्याला सांगून उरलेली बजरी परत खड्ड्यात टाकवली आणि नवी खदान दीड कोस वर, टेकाडाला नेली. त्यावरून वरच्या साहेबांनी त्यांना झापलं. बढती अडली ती अजून अडलेलीच आहे. आणि माझं काय झालं? तो उन्हाळाभर सावरगावच्या बाया नदी ओलांडून माझ्या विहिरीवर पाण्याला आल्या. जाताना साहेबांना शिव्या द्यायच्या आणि मला म्हणायच्या, "भगवंतराव देवमाणूस हाये." ते ऐकून जेवण जात नसे.

पुढच्या पावसात पूर आला, बजरी बसली आणि चैत्र सरता झिऱ्यांना पुन्हा पाणी लागलं. पहिली ओंजळ मी पिऊन पाहिली. पूर्वीसारखंच गोड! वाटलं, सुटलो बुवा. पण सुटलो नव्हतो, ते आज इथं बोलताना कळतं आहे. एक मात्र बरं झालं, दोन राज्यांची रेघ कुठून न्यावी हे विचारायला माझ्याकडे कोणी आलं नाही.

तर मनकर्णाबाई, साहेबांना दिलेल्या त्या सगळ्या शिव्या माझ्या आहेत. आणि देवमाणूस तुमच्यासमोर हार घालून बसला आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या खदानीचं मात्र पोटात घालू नका. त्याचं काय करायचं ते सांगा.

काय म्हणता मनकर्णाबाई? जरा मोठ्यानं.

"पयले साहेबाचे पाय धरा, मंग खाली बसा!"

ऐकलंत अध्यक्षमहाराज? साहेब माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान आहेत. पण छाती इतकी हलकी झाली आहे म्हणून सांगू! आलो साहेब. पाय मागे घेऊ नका.