बिस्किटाची परवानगी

डच लोक दुसऱ्याच्या मुलांची काळजी घेत नाहीत, असं माझ्यासमोर कुणी म्हणू नका रे. बुधवारी इथे नेदरलँड्समध्ये, टिलबर्गला शाळा लवकर सुटते, म्हणून आमची इरा तिच्या मैत्रिणीकडे, लोटेकडे खेळायला गेली. लोटेच्या आईचे मला ऑफिसात मेसेज सुरू. इराला दूध चालतं का? बिस्किट दिलं तर चालेल? थोडा वेळ टॅबलेट बघू देऊ का? मी मीटिंगमध्ये बसून सगळ्याला हो म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, काय जबाबदार बाई आहे.

संध्याकाळी इराला आणायला गेलो. ती सोफ्यावर बसलेली, गळ्यात जाड तपकिरी मफलर. त्या मफलरने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी किंचाळत दोन पावलं मागे सरकलो. इरा इंग्लिशमध्ये म्हणाली, "बाबा, हळू. त्यांचा पाळलेला आहे. तो लाजतो."

मी लोटेच्या आईला कसंबसं म्हटलं, "अहो, बिस्किटाचंसुद्धा विचारलंत, मग या अजगराचं का नाही विचारलं?"

तिला माझा प्रश्नच कळेना. म्हणाली, "पण बिस्किटात साखर असते."