बैलाचं औषध

पाय सोड आधी, मल्लम्मा. चावडी हाय ही, मठ न्हाय. आन् तुझ्या नवऱ्याला आबकारीच्या जवानांनी नेलं, म्या न्हाय नेलं. घरात पावशेर गांजा घावला, मग काय पूजा करतील व्हय त्याची? निजाम सरकारचा मुलूख हाय हा — गांजा घ्यायचा तर परवान्याच्या दुकानातनं, परसात झाड लावून न्हाय. सहा म्हैने तरी पडतील, आबकारीचे अमीनसाब म्हणत व्हते. धाराशिवच्या जेलात. काय? वढायला नव्हता? आगं, ठाव हाय की मला, साऱ्या लोहारा भागात ठाव हाय — बैल हगवणीला लागला की गुळातनं चिमूटभर चारायचा, बापजाद्यापसनं चालतंय. गुरुलिंगानं जल्मात चिलीम धरली न्हाय, म्या सोता सांगतो. पर पंचनामा असतोय उर्दूत, त्यात बैलाचं दुखणं कोण लिहितंय?

आन् ठेवायची तरी अक्कल पायजे व्हती. देवळीत, इभूतीच्या डबीमागं, तांबड्या फडक्यात — हे काय ठेवणं झालं? जवान आले ते सरळ देवळीकडंच गेले म्हणतीस... जातील की. मला? मला कसं ठाव म्हंजे — आता बघ, तूच न्हाय का दिलास? सोमवारी आलो न्हवतो का तुझ्या दारात, आमचा बैल आडवा पडलाय, वाईच औषध दे म्हणून? लगेच फडकं सोडलंस. वर गूळबी दिलास — पाटीलमामा, कोमट पाण्यातनं द्या म्हणलीस. लई चांगलं मन तुझं. बैलाला काय झालं न्हवतं. दांडगा हाय.

अशी बघू नकोस माझ्याकडं. पोळ्याला येशीत काय झालं, इसरलीस? पाटलाच्या बैलानं तोरण तोडायचं, मग गावानं मागनं यायचं — ही रीत. तुझ्या नवऱ्याचा खोंड म्हणं हातातनं सुटला! सुटला का सोडला? तोरण तोडून गेला पार मारुतीपतूर, आन् पोरं शिट्ट्या मारत्यात. म्या फेटा बांधून, वाजंत्री लावून, त्या खोंडाच्या शेणातनं चालत गेलो, मल्लम्मा. त्या दिशी जेवलो न्हाय. आमची कारभारीण, सारजा, म्हणली, मुकं जनावर ते, सोडून द्या. सोडीन की. सहा म्हैन्यांनी.

काय म्हणलीस? मोठ्यानं म्हण. कोर्टात मुन्सफापुढं सांगणार — पाटलानंच मागून नेला म्हून? सांग. आमचीच गाडी जुपून देतो, धाराशिवला जा आन् सांग. माझ्या घरात तर काय घावलं न्हाय. पर मुन्सफ इचारंल, बाई, दिला कुणी? काय सांगशील? घरात ठिवणाऱ्याला सहा म्हैने, दुसऱ्याला देणाऱ्याला वरीस. तुझ्या हातानं दिलास न्हवं? तुझ्याच तोंडानं कबूल करशील, मग नवऱ्याच्या शेजारच्या कोठडीत तू. आन् हे काखंतलं? अंगावर पितंय अजून, न्हाय का? ह्याला कोण पाजंल — माझी सारजा?

उठलीस?

बरं. रडतंय ते. घरी नीऊन पाज जा त्याला.