चेरीची जलद बोट

...आणि वर मलाच विचारतात, नोल्बेर्तो, तुला एवढी घाई कसली होती? आता मला कसली घाई, सांगा! इथं चिलीत, रोमेरालला माझी चार हेक्टर चेरी, झाडं काही पळून जात नाहीत. घाई त्या बोटीला! आमची चेरी जाते चीनला, त्यांच्या नववर्षाच्या सणाला. सणाआधी पोचली तर सोनं, नंतर पोचली तर... कोण विचारतो? साधी बोट लावते पस्तीस दिवस, जलद बोट तेवीस, म्हणून ती तेल पिते घटाघटा, आणि त्या तेलाचे पैसे कापतात कुणाच्या पट्टीतून? माझ्या! निर्यातवाल्यांचा फाबियान तर मानगुटीवरच बसलेला, "काका, बुधवारच्या आत तोडणी आटपा, बोट थांबत नाही."

तशात माझा धाकटा भाऊ आला, गुमेर्सिंदो, पार दक्षिण टोकाच्या पुंता आरेनासहून, अकरा वर्षांनी. मी शिडीवर, तो शिडीखाली. म्हणाला, "दादा, तिकडे एकट्याला करमत नाही. इकडेच येऊन राहू का?" मी वरूनच म्हटलं, बोट जाऊ दे, मग बोलू. तो आपला पेट्या उचलून देत राहिला, आणि चौथ्या दिवशी बसनं गेला. बायको म्हणाली, थांबवायचंस त्याला. मी म्हटलं, एलियाना, बोट थांबत नाही!

बरं, पोचली बोट, तेविसाव्या दिवशी, घड्याळ लावून. पण तुम्हाला सांगतो, अक्कल काय मला एकट्यालाच होती? अख्ख्या खोऱ्यानं जलद बोटीच धरलेल्या! सगळ्या एकदम तिकडच्या बंदराबाहेर, आत जागा नाही. बोट थांबत नाही म्हणे... चार दिवस थांबली, नांगर टाकून! मग सगळ्यांची चेरी एकाच सकाळी बाजारात, भाव निम्म्यावर. भाडं मात्र जलदचंच.

फाबियानला विचारलं, पुढच्या साली साध्या बोटीनं पाठवू? म्हणाला, पाठवा की, बाकीचे सणाआधी पोचतील, तुम्ही नंतर. दोन दिवस विचार केला. सगळेच धावतात म्हणून कुणीच पुढे जात नाही, पण जो थांबेल तो मात्र मागे पडतो... केली सही, जलदच्याच कागदावर.

मग भावाला फोन लावला. म्हटलं, ये राहायला. "राहू दे, दादा, आता इथंच बरं चाललंय." निदान भेटायला तरी ये, म्हटलं, जूनमध्ये, आमच्या हिवाळ्यात. तर विचारतो, भर थंडीत तुझ्याकडे असतं काय?

काय असणार... पानं झडलेली उघडी झाडं, आणि त्यांच्याखाली खुर्ची टाकून मी.